तापवलेल्या सोड्याचं वजन जास्त येत होतं

मुलं प्रयोगशाळेत खायचा सोडा तापवून धुण्याचा सोडा करत होती. ८.४ ग्रॅम घेतलेल्याचं वजन ६.१ वर अडलं. तराजू बिघडलाय, असं सगळ्यांचं म्हणणं. मी आधी समीकरण मांडायला लावलं. खायच्या सोड्याचे दोन मोल (मोल म्हणजे पदार्थातले कण मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक) म्हणजे १६८ ग्रॅम. त्यातून धुण्याचा सोडा एक मोल, १०६ ग्रॅम. बाकीचे ६२ ग्रॅम वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. म्हणजे त्याच प्रमाणात ८.४ ग्रॅमचे बशीत ५.३ ग्रॅमच उरायला हवे. जादा ०.८ वरून उलटा हिशोब केला, तर जवळपास २.२ ग्रॅम सोडा अजून कच्चाच होता. (नुसत्या आकड्यांवरून हे कळतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं!) काचकांडीने गुठळ्या फोडल्या, कांडीला लागलेली पूड बशीतच झटकली, पुन्हा तापवलं, कोरड्या हवेत निववून तोललं. लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत हेच केलं. आकडा ५.३ वर स्थिरावला.