पितळी जाळीकाम: पत्रा वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

जाळीचा पत्रा फुकट जातो, त्याचं मूळ बहुधा कागदावरच असतं. अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीची दगडी जाळी पाहिली की तिचा फोटो तसाच 1 मिमी पत्र्यावर उतरवावासा वाटतो. पण दगडाच्या जाडीवर तरलेली नाजूक फांदी पितळेत सहज वाकते. नक्षी लहान केली की भोकांमधल्या पट्ट्याही रोडावतात: 10 सेंमीच्या चौकटीतली 2 मिमी पट्टी 5 सेंमीत 1 मिमीच उरते, त्यात कानस आणखी थोडी खाते. पट्टीची रुंदी पत्र्याच्या जाडीच्या दीडपट तरी ठेवा.

जाळीचा पत्रा वळवून गोल दिवा करायचा, तर फसवणूक सांध्यावर होते. बाहेरचा व्यास 120 मिमी आणि पत्रा 1 मिमी असेल, तर पत्र्याची लांबी 119 च्या (जाडीच्या मधोमधच्या व्यासाच्या) हिशेबाने धरा: 119 × 3.1416, म्हणजे सुमारे 373.8 मिमी. आठ तारे बसवायचे तर प्रत्येकाला 46.7 मिमी. 'सोयीचे' 47 घेतले की शेवटी दोन मिमी जास्त होतात आणि सांध्यावरचा तारा लंगडा दिसतो.

जाळी कापायच्या करवतीची पाती सारखी तुटतात? 1 मिमी पत्र्याला 2/0 नंबरचं (बारीक दातांचं) पातं लावा. जाडीत किमान दोन दात बसले पाहिजेत. दात मुठीकडे, पातं ताणून (टिचकी मारली की टणकन वाजावं), अधूनमधून मेण. वळणावर करवत पुढे न रेटता जागच्या जागी वर-खाली चालवा आणि पत्रा फिरवा. मधली, बारीक भोकं आधी कापा. बाहेरची कड शेवटी, नाहीतर पत्रा थरथरतो.

कापलेला पत्रा वळवताना भरीव भाग सपाट राहतो आणि भोकापाशी कोन पडतो. वर-खाली 5 मिमी कोरी पट्टी सोडा, अंधुक लाल होईपर्यंत तापवून मऊ करा, मग थोड्या कमी व्यासाच्या नळीवर लाकडी हातोडीने वळवा. घुमटाकार दिवा मात्र आधी घडवायचा, मग कापायचा.

जाळी पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरू नका. कड अडकली की वस्तू हातातून हिसकली जाते. हातानेच घासा, कोपऱ्यातला काळा मळ कोमट साबणपाण्यात ब्रशने काढा. अमोनियावालं काच-क्लीनर तर दूरच ठेवा: वळवल्याचा ताण शिल्लक असलेल्या पितळेला त्याने पुढे तडे जातात.