दुसऱ्या टेकचा शर्ट

कमी पैशात फिल्म करायला निघालेला प्रत्येक जण पहिल्यांदा एकच विचारतो: रक्त कसं बनवायचं? अरे, रक्त कोणीही बनवतं. कॉर्न सिरप, खाण्याचा लाल रंग, केशरी झाक घालवायला निळ्याचा एखादा थेंब आणि पातळ थर गुलाबी दिसू नये म्हणून चिमूटभर कोको पावडर. झालं. कृष्णधवलच्या काळात तर चॉकलेट सिरपवर भागायचं. शर्ट किती आणू, हे मात्र मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

माझ्या पहिल्या शॉर्टफिल्ममध्ये सुरा लागण्याचा सीन होता. पांढऱ्या शर्टावर छातीपासून लाल डाग पसरत जातो, कोणी काही बोलत नाही, बस्स. शर्टाच्या आतून चिकटवलेली बारीक नळी पँटमधून घोट्यापर्यंत आणली होती. तिथून ती फ्रेमबाहेर, टोकाला ६० सीसीची सिरिंज, आणि सिरिंजपाशी जमिनीवर पालथा पडलेला मी. अ‍ॅक्शन झालं. मी दाबली. काहीच नाही. अजून दाबली. मग ‘फर्र’ असा आवाज आला, शर्ट दोनदा फुगला आणि छातीवर नाण्याएवढा ठिपका उमटून त्यातून दोन ओघळ खाली आले. साउंडवाल्याने हेडफोन काढले आणि तोंड फिरवून हसत सुटला.

घरी येऊन हिशेब मांडला. आतून ४ मिलिमीटर व्यासाच्या, ३ मीटर लांब नळीत जवळपास ३८ सीसी मावतं. म्हणजे आधी तेवढी हवा बाहेर पडायची होती, आणि माझ्या ६० सीसीतलं निम्म्याहून जास्त रक्त नळीतच राहणार होतं. म्हणून नळी अंगाला लावायच्या आधीच भरून घ्यायची, टोकाशी थेंब दिसेपर्यंत, आणि चिमटा लावून ठेवायची. टोकाला स्पंजचा छोटा तुकडा बांधला की धार न लागता डाग पसरतो.

पण ही चूक तशी माफ होण्यासारखी. पाच मिनिटांत सुटली असती. दिग्दर्शक म्हणाला, ‘‘चल, वन मोर,’’ आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. शर्ट एकच होता.

पुढचे अडीच तास कसे गेले ते सांगतो, कारण तुमचेही तसेच जाणार आहेत. शर्ट नळाखाली धरला. सिरप निघालं, रंग राहिला. साबण लावला, डाग फिका होऊन दुप्पट पसरला. हेअर ड्रायरने वाळवला तर कॉलर कोरडी आणि पोटाशी ओल. नटाच्या छातीवरचा गुलाबी रंग पुसून निघेना, ओलसर शर्टातून तो आरपार दिसत होता. बिचारा कुडकुडत बसला होता. खिडकीतल्या उजेडाच्या भरवशावर शूट चाललेलं, तो उजेडही गेला. शेवटी नुसता पाठमोरा शॉट घेतला. तो सीन आजही मला बघवत नाही.

तर नियम असा. इफेक्ट ठरवताना ‘हे कसं करू’ याच्या जोडीला ‘हे पुसून पुन्हा कसं मांडू, आणि किती मिनिटांत’ हेही लिहून काढा. जितके टेक घ्यायची तयारी आहे तितके शर्ट, वर एक टेस्टला, आणि एक ‘नंतरचा’, म्हणजे पुढच्या शॉट्ससाठी आधीच डाग पाडून ठेवलेला. तीन टेक म्हटलं की पाच शर्ट. पाच शर्ट झेपत नसतील तर शर्ट बदला: गडद, साधा, सहज मिळणारा. तेही झेपत नसेल तर सीन बदला. डाग पसरताना दाखवायलाच हवा का? चेहरा दाखवा, मग हात, मग हाताला लागलेलं रक्त. हात धुता येतात.

शर्ट सुतीच घ्या. पॉलिएस्टरवर रक्त मुरत नाही, ओघळतं. आणि नवा कोरा शर्ट आधी एकदा धुवा. त्याला खळ असते, ती रक्त पिऊ देत नाही. टेस्ट त्याच कापडावर, त्याच लाइटखाली, त्याच कॅमेऱ्यातून बघायची. डोळ्यांना झकास दिसलेलं रक्त पिवळट लाइटखाली सॉससारखं दिसतं. क्रमही सांभाळा: त्या पोशाखातले सगळे स्वच्छ शॉट आधी उरकायचे, रक्त शेवटी.

हे मला कोणा इफेक्टवाल्याने शिकवलं नाही. आपल्या लाइनीत काही उस्ताद रक्ताचा फॉर्म्युला तिजोरीत ठेवल्यासारखा जपतात. एकाकडे मी दोन महिने ब्रश धुतले तेव्हा कुठे तो मिळाला. वर दिलाय तोच. खरी शिकवण मिळाली ती नाटकाच्या कपडेपटातल्या एका मावशींकडून. त्यांनी माझी सगळी कहाणी ऐकून घेतली आणि फक्त विचारलं, ‘‘बाळा, प्रयोग किती होते?’’

‘पोस्टमध्ये करू’, म्हणजे शूटनंतर कॉम्प्युटरवर करू, म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. तयार क्लिप चिकटवून आणलेल्या रक्ताने कापड जड होत नाही, अंगाला चिकटत नाही. नळी पुसायला, बुडबुडा लपवायला कॉम्प्युटर घ्या की खुशाल.

बाकीचं पटकन सांगतो. मिनिएचर, म्हणजे लहान मॉडेल, करत असाल तर प्रमाणाच्या वर्गमुळाने फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) वाढवा: १/१६ मापाचं घर पाडायचं तर नेहमीच्या २४ च्या चौपट, ९६. नाहीतर खेळणं पडल्यासारखं दिसतं. आणि लहान मॉडेलवर पाणी टाळाच, पाण्याचे थेंब काही लहान होत नाहीत. पाऊस मागून लाइट दिल्याशिवाय कॅमेऱ्यात नीट दिसत नाही. घाम नि अश्रूंना ग्लिसरीन, पण डोळ्यांत नाही, गालावर.

धुक्यासाठी ड्राय आइस वापरणार असाल तर हे दोनदा वाचा. तो उणे ७८ अंशांवर असतो, उघड्या हाताने धरलात तर कातडी जाते. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. तुमचा ‘मेलेला’ नट तिथेच पडलेला असतो. बंद खोलीत नकोच, आणि बंद बाटलीत भरला तर बाटली फुटते. खरी काच, खरी आग, खरं पिस्तूल यांपैकी काहीही ‘फक्त एका शॉटपुरतं’ आणायचं नाही. यावर चर्चा नाही. रक्तात धुवायला सोपं जावं म्हणून लिक्विड साबण घातलात तर ती बाटली वेगळी ठेवा, तोंडात घ्यायची वेगळी, आणि दोन्हींवर ठळक लिहा.

घाबरू नका, यातलं निम्मं एका रविवारी घरी करून बघता येतं. आणि चुका माझ्या अजून संपलेल्या नाहीत. मागच्या शूटला पाच शर्ट होते, आधी धुतलेले, कॉलरच्या आत नंबर घातलेले. नळी भरलेली, स्पंज बांधलेला. अ‍ॅक्शन झाल्यावर रक्त शर्टात मुरेचना, सरळ पँटकडे निघालं. धुणाऱ्या पोराने कपडे मऊ राहावेत म्हणून पाचही शर्टांना प्रेमाने फॅब्रिक सॉफ्टनर लावला होता.