मैल्याच्या गाळात ग्रीस ट्रॅपचा माल घालताय? या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंगल कार्यालयं भरतात, आणि पाठोपाठ त्यांचे ग्रीस ट्रॅपही (स्वयंपाकघराच्या सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणाऱ्या टाक्या). मग एके दिवशी टँकर एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या, दारात उभा राहतो आणि सगळा माल एका दमात डायजेस्टरमध्ये, म्हणजे मैल्याचा गाळ कुजवून गॅस करणाऱ्या बंद टाकीत, रिकामा होतो. घोडं पेंड खातं ते इथंच. दोन दिवस गॅस जोरात येतो, नंतर फेस वर चढतो आणि आच मंदावते.

दोष तुपाचा नाही. 1 किलो चरबीतून साधारण 1 घनमीटर मिथेन निघतो, मैल्याच्या सेंद्रिय भागातून त्याचा तिसरा हिस्साच. पण चरबी फुटून जी स्निग्धाम्लं होतात, ती मिथेन करणाऱ्या जिवाणूंना चिकटतात. जिवाणूंचं काम थंडावतं आणि गाळ तरंगायला लागतो. म्हणून माल वेगळ्या टाकीत साठवा आणि दिवसातून पाच-सहा वेळा थोडा थोडा सोडा. पहिल्या आठवड्यात एकूण सेंद्रिय खाद्याच्या 5 टक्के, मग दर आठवड्याला तेवढीच वाढ. 30 टक्क्यांच्या वर हाव नको.

पीएच 7 आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तो सगळ्यात शेवटी पडतो. आम्ल आणि अल्कलिनिटी (गाळाची आम्ल झेलायची ताकद) यांचं गुणोत्तर बघा. 0.3 पर्यंत ठीक. 0.4 झालं की चरबी निम्मी करा, त्यापुढे गेलं तर बंदच. लंघन हाच उपाय: काही दिवस नुसता गाळ, तोही निम्मा, ढवळणं चालू ठेवा, शेणकाला घाला. घाईनं चुन्याची पोती ओतली तर चुना कार्बन डायऑक्साइड शोषतो, आतला दाब घटतो आणि पक्क्या छताच्या टाकीत बाहेरची हवा ओढली जाते. शिवाय तळाला चुन्याचा थर बसतो तो वेगळाच. त्यापेक्षा खाण्याचा सोडा, थोडा थोडा.

थंडीत डालडा पाइपातच गोठतो. माल 50 ते 60 अंशांवर पातळ करा आणि डायजेस्टरच्या गरम फिरत्या गाळाच्या लाइनीत सोडा, थेट आवकखड्ड्यात (सांडपाणी पहिल्यांदा येतं तिथं) नाही. त्याआधी जाळी हवीच. चमचे, मिरचीचे देठ, दुधाच्या पिशव्या काय काय निघेल सांगता येत नाही.

सगळ्यात महाग चूक मात्र कुणाला चूक वाटतच नाही: पातळ गाळ. 1 घनमीटर गाळ 20 वरून 35 अंशांवर न्यायला सुमारे 3 घनमीटर बायोगॅस जळतो. गाळात 4 टक्के घन पदार्थ असले तर 12 घनमीटरच्या आसपास गॅस मिळतो, म्हणजे परवडतं. 1 टक्काच असला तर जेमतेम 3. म्हणजे गॅस पाणी तापवण्यातच संपला! आधी थिकनरमध्ये, म्हणजे गाळातलं पाणी काढणाऱ्या टाकीत, गाळ दाट करा.

गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड जनरेटर खातो, लोखंडी किसाच्या फिल्टरमधून गॅस न्या. टाकीत मात्र कुणालाही उतरवू नका. या वायूनं नाक बधिर होतं, वास गेला म्हणजे वायू गेला असं नव्हे.

हॉटेलवाल्यांनाही दोन गोष्टी सांगा. ट्रॅपमध्ये कढत पाणी आणि साबण ओतला की तूप पुढं वाहून चेंबरमध्ये थिजतं. वरचा थर आणि तळाचा साका मिळून खोलीच्या 25 टक्के झाला की उपसा. तळणीचं स्वच्छ तेल इकडं पाठवूच नका, ते बायोडिझेलवाले पैसे देऊन नेतात.