झाडांची छाटणी आणि चेनसॉ: पावसाळ्याआधी या चुका टाळा

एप्रिल संपत आला की आमचे फोन वाजायला लागतात. "पावसाच्या आत तेवढं गुलमोहराचं बघून घ्या, खाली गाड्या असतात आमच्या." मग मे महिनाभर पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये मशीनचा आवाज थांबत नाही. घाई सगळ्यांनाच असते आणि त्या घाईत दरवर्षी त्याच त्या चुका होतात. झाडाचं नुकसान होतं, कधी माणसाचंही.

जाड फांदी एका कापात उतरवणं

सगळ्यात जास्त झाडं याने वाया जातात, म्हणून आधी हेच. सुरुवातीच्या काळात एका सोसायटीत मांडीएवढी जाड गुलमोहराची फांदी मी खोडालगत वरून कापायला घेतली. काप निम्म्याच्या पुढे गेला आणि फांदी स्वतःच्या वजनाने मोडली. जाताना खोडाची साल ओढत चार-पाच फूट खाली सोलून गेली. आतलं पांढरं, ओलं लाकूड उघडं पडलं. दोन पावसाळ्यांनी तिथे कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या, बोट आत जाईल इतकं लाकूड भुसभुशीत झालं आणि शेवटी ते झाड काढावं लागलं.

जाड फांदीला तीन काप लागतात. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, साधारण पाव ते एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेरच्या बाजूला, वरून. फांदी मोडली तरी साल खालच्या कापापाशी तुटते, खोडापर्यंत येत नाही. वजन उतरलं की उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा.

हा तिसरा काप कुठे घ्यायचा, यातच खरं कसब आहे. फांदी खोडाला जुळते तिथे सुजल्यासारखी गोल कडी दिसते. आम्ही तिला कॉलर म्हणतो. काप त्या कडीच्या लगेच बाहेर घ्यायचा. कडी कापून खोडाशी सपाट केलं तर जखम मोठी होते आणि भरत नाही. हातभर खुंट ठेवला तर तो कुजतो आणि कूज आत उतरते. काप बरोबर बसला की वर्षा-दोन वर्षांत कडेने साल वळून यायला लागते. ते बघायला मी मुद्दाम जुन्या कामांवर चक्कर मारतो.

जखमेवर डांबर किंवा ऑइलपेंट फासायचा आग्रह अजून होतो. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आतली कूज अभ्यासली. त्यातून दिसलं की असा लेप कूज थांबवत नाही. झाड कुजका भाग आतून भिंत घालून वेगळा पाडतं आणि त्यासाठी त्याला ती कडी शाबूत लागते.

शेंडा उडवणं आणि एकच बाजू छाटणं

"वरून दहा फूट उडवा" ही मागणी आली की मी थांबून समजावतो. शेंडा उडवलेल्या झाडाला कापापाशी झुपक्याने फुटवे येतात. ते सालीलगत वरवर चिकटलेले असतात, भराभर वाढतात आणि तीन-चार वर्षांनी वादळात तेच आधी पडतात. रस्त्याकडची बाजू साफ करून सोसायटीकडची तशीच ठेवली तर सगळा भार एका अंगाला जातो. वरवर पसरणारी मुळं असलेला गुलमोहर ओल्या जमिनीत मग मुळासकट उलटतो.

मशीनच्या तक्रारी

भुसा बघा. धारदार चेन जाडसर कीस टाकते. पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर धार गेली आहे. अशा वेळी माणूस मशीन दाबायला लागतो, हात थकतो आणि अपघात होतो. गोल कानस चेनच्या मापाचीच घ्या आणि प्रत्येक दाताला सारखे हात मारा. काप एका बाजूला वळत असेल तर बहुतेक वेळा एका बाजूचे दात जास्त घासले गेलेले असतात.

बारमधून, म्हणजे चेन ज्या पट्टीवरून फिरते तिथून, धूर आला तर चेनला ऑइल पोहोचत नाही. बारचं टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या. ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. गाडीचं जळकं ऑइल त्यात घालू नका, त्यातल्या कचऱ्याने ऑइलची वाट तुंबते.

पेट्रोलमध्ये टू-टी ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत असतं. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली. अंदाजाने ओतू नका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. गेल्या हंगामातलं मिश्रण टाकीत राहिलं की मेमध्ये मशीन चालू होत नाही. काम संपलं की टाकी रिकामी करा. चोक देऊन दोरी ओढत राहिल्याने प्लग ओला झाला असेल तर तो काढून पुसा, चोक बंद करून चार-पाच वेळा ओढा, मग प्लग लावा.

बारच्या टोकाचा वरचा अर्धा भाग कशालाही टेकला तर मशीन उसळून तोंडाकडे येतं. म्हणून शिडीवर उभं राहून एका हाताने चेनसॉ कधीही चालवायचा नाही. हात पोचत नसेल तर दोराने बांधून घ्या, हातकरवत वापरा. कापण्याआधी खोडावरून हात फिरवा. पाट्यांचे खिळे आणि दिवाळीच्या माळांच्या तारा सालीत गाडलेल्या असतात. एका खिळ्यावर अख्खी चेन जाते.

तारा

फांदी तारेच्या जवळ असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय झाडावर चढू नका. ओली फांदी वीज वाहून नेते. "हळूच ओढून घेतो" म्हणणाऱ्याला मी सरळ खाली उतरवतो.

टेम्पो

ओलं लाकूड पाण्याइतकं जड धरून चाला. दोन फूट व्यासाचा, चार फूट लांबीचा ओंडका साडेतीनशे किलोच्या आसपास भरतो. छोटा हत्ती पाऊण टनाचा, म्हणजे असे दोन टाकले की गाडी भरली. पाला वर रचून बांधला की गाडी हलकी दिसते आणि चौथा ओंडका चढतो. मग उतारावर ब्रेक लागत नाही.

परवानगी आणि घरटी

शहरी भागात १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे तोडणीला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणीसाठीही पालिकेकडे अर्ज करा. झाड स्वतःच्या आवारात असलं तरी हे लागू आहे.

आमचं काम आणि कावळ्याची वीण एकाच वेळी येतात. गेल्या मेमध्ये पर्जन्यवृक्षाच्या एका फांदीवर काटक्यांचं घरटं निघालं, त्यात तारेचे तुकडेही विणलेले होते. पिल्लं लालभडक तोंड उघडून बसलेली. सोसायटीच्या काकूंना विचारून तेवढी फांदी ठेवली, बाकीचं काम उरकलं. तीन आठवड्यांनी घरटं रिकामं दिसल्यावर पोराला घेऊन गेलो आणि तीन काप देऊन ती उतरवली.