पिकाची राखण आणि बंदूक: इंग्लंडच्या शेतांवर वुडपिजन मारायला शिकताना

इंग्लंडच्या शेतांवर पिकाची नासाडी करणारे पक्षी अनेक असले, तरी शेतकऱ्याच्या तोंडी सर्वात आधी नाव येते ते वुडपिजनचे, म्हणजे तिथल्या रानकबुतराचे. हिवाळ्यात रानात खायला फारसे उरत नाही, तेव्हा शेकडोंचे थवे ऑइलसीड रेप या मोहरीसारख्या तेलबियांच्या पिकाच्या कोवळ्या पानांवर उतरतात आणि शिरा व देठ तेवढे मागे ठेवतात. वसंतात ते पेरलेले दाणे व वाटाण्याचे कोंब टिपतात, आणि जुलैमध्ये वाऱ्यापावसाने गहू लोळला की आडव्या ताटांवर चालत जाऊन कणसे रिकामी करतात. मारलेल्या पक्ष्याच्या गळ्याखालची अन्नाची थैली एकदा चिरून पाहावी: मूठभर हिरवा चोथा किंवा ओले, फुगलेले दाणे बाहेर पडतात, आणि हा पक्षी कोणत्या शेतावर चरत होता हे तिथेच समजते. नवशिक्याने ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, कारण आपण कशासाठी बंदूक उचलली आहे हे ती दर वेळी डोळ्यांसमोर ठेवते.

कायद्याचा भाग आधी घेतो. 1981 च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टनुसार सर्व रानपक्ष्यांना संरक्षण आहे आणि वुडपिजनही त्याला अपवाद नाही. तो मारता येतो तो केवळ सरकारने दिलेल्या सर्वसाधारण परवान्याखाली. इंग्लंडमध्ये पिकांचे गंभीर नुकसान टाळण्यासाठीचा हा परवाना जीएल 42 या नावाने ओळखला जातो. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, पण त्यातील प्रत्येक अट आपल्याला लागू असते. मौजेखातर किंवा नेमबाजीच्या सरावासाठी पक्षी मारणे त्यात बसत नाही. ज्या पिकाची राखण करायची ते पीक असले पाहिजे, जमीनमालकाची परवानगी असली पाहिजे, आणि बुजगावणी, पतंग, गॅसवर चालणारी आवाजाची तोफ यांसारखे कायदेशीर उपाय करून झालेले असले पाहिजेत किंवा ते इथे पुरे पडणार नाहीत हे आपल्याला सांगता आले पाहिजे. 2019 च्या वसंतात, कायदेशीर आव्हानानंतर, त्या वेळचे असे परवाने अचानक रद्द झाले होते आणि पेरणीच्या ऐन दिवसांत अनेकांना बंदुका ठेवून द्याव्या लागल्या होत्या. म्हणून कोणाच्या सांगण्यावर न विसंबता चालू परवाना सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचावा. स्कॉटलंड आणि वेल्सचे परवाने वेगळे आहेत.

बंदुकीसाठी पोलिसांकडून शॉटगन (छर्ऱ्यांची बंदूक) सर्टिफिकेट घ्यावे लागते. त्याची मुदत 5 वर्षे असते; अर्जाबरोबर डॉक्टरकडून वैद्यकीय माहिती द्यावी लागते, आणि बंदूक घरात कुलूपबंद पोलादी कपाटात कशी ठेवणार हे दाखवावे लागते. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत बंदूक घेऊन शिरणे हा 1968 च्या फायरआर्म्स ॲक्टखाली स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणून शेतकऱ्याची परवानगी लेखी घ्यावी आणि त्याच्याबरोबर नकाशावर शेताच्या सीमा एकदा पाहून घ्याव्यात. त्या वेळी पायवाटा, गोठे, विजेच्या तारा आणि शेजाऱ्याचे घोडे कुठे असतात हेही विचारून ठेवावे.

आता ओळखीबद्दल, आणि इथे मी मुद्दाम थांबणार आहे, कारण नवशिक्याची सर्वात गंभीर चूक नेम चुकण्याची नसून पक्षी चुकण्याची असते. वुडपिजन सुमारे 40 सेंटिमीटर लांब आणि अर्धा किलोच्या आसपास वजनाचा, भरदार छातीचा पक्षी आहे. प्रौढ पक्ष्याच्या मानेवर दोन्ही बाजूंना पांढरा ठिपका असतो, पण त्यावर भिस्त ठेवू नये, कारण त्या वर्षीच्या पिल्लांना तो नसतो. पंखावरचा रुंद पांढरा पट्टा मात्र पिल्लालाही असतो आणि उडताना तो लांबूनही दिसतो. स्टॉक डव्ह हा त्याचा भाऊबंद त्याच थव्यात मिसळून चरतो. तो आकाराने लहान, निळसर राखाडी, पंखांची हालचाल अधिक जलद, आणि पांढरे त्याच्या अंगावर कुठेच नाही. स्टॉक डव्ह या परवान्यात येत नाही. टर्टल डव्ह हा होला तर झपाट्याने दुर्मीळ होत चाललेला पाहुणा आहे. वाट चुकून शेतात उतरलेले शर्यतीचे कबुतर कोणाच्या तरी मालकीचे असते आणि त्याच्या पायात कडी असते. पांढरा पट्टा स्पष्ट दिसला नाही तर बंदूक खांद्याला लावायचीच नाही, हा नियम स्वतःला घालून घ्यावा. माझे मत असे की पहिला महिनाभर शेतावर केवळ दुर्बीण घेऊन जावे आणि उडत्या थव्यातले स्टॉक डव्ह न अडखळता वेगळे काढता येईपर्यंत काडतुसाला हात लावू नये.

नवशिक्याला 12 बोअरची किंवा खांद्याला हलकी वाटत असल्यास 20 बोअरची, एकावर एक अशा दोन नळ्यांची साधी बंदूक पुरते (बोअर हे नळीच्या रुंदीचे माप; आकडा जितका लहान तितकी नळी रुंद). तिची नळी बिजागरीवर खाली वाकवून उघडी ठेवता येते आणि ती रिकामी आहे हे सोबत्यालाही दुरून दिसते. दस्ता आपल्या खांद्याला बसतो की नाही हे जाणकाराकडून पाहून घ्यावे आणि हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर प्रशिक्षकाच्या हाताखाली काही धडे घ्यावेत. कुंपण ओलांडताना, आडोशात शिरताना किंवा गाडीकडे परतताना बंदूक उघडी आणि रिकामीच असावी. नळी चिखलाला टेकली असेल, तर काडतूस भरण्याआधी तिच्यातून आरपार पाहावे, कारण आतला मातीचा गोळा नळी फोडू शकतो. दोन बोअरची काडतुसे एकाच खिशात कधीही ठेवू नयेत. 20 बोअरचे काडतूस 12 बोअरच्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकते, बंदूक रिकामी असल्यासारखी वाटते, माणूस वरून 12 चे काडतूस भरतो आणि चाप ओढताच नळी हातात फुटते. अशा अपघातात बोटे गेली आहेत. 20 बोअरची काडतुसे पिवळी करण्याची प्रथा त्याचमुळे आहे.

शिशाच्या छर्ऱ्यांचे 28 ते 32 ग्रॅमचे, 6 नंबरचे काडतूस वुडपिजनसाठी वर्षानुवर्षे वापरले गेले. पण शिसे विषारी आहे. इंग्लंडमध्ये पाणथळ पक्ष्यांवर त्याचा वापर 1999 च्या नियमांनी बंद झाला आणि ब्रिटिश सरकारने 2025 मध्ये शिशाच्या छर्ऱ्यांवर व्यापक बंदी आणण्याचे जाहीर केले. आज शिकायला सुरुवात करणाऱ्याने पोलादी छर्ऱ्यांवरच हात बसवावा. पोलाद शिशापेक्षा हलके असल्याने छर्रा दोन नंबरांनी मोठा, म्हणजे 4 नंबरचा घ्यावा (नंबर जितका लहान तितका छर्रा मोठा), नळीचा चोक, म्हणजे तिच्या तोंडाशी असलेला अरुंद भाग, अर्ध्याहून अधिक आवळलेला नसावा आणि बंदूक पोलादासाठी योग्य आहे याची बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून खात्री करून घ्यावी. पोलादी छर्रा दगडावर किंवा गोठलेल्या जमिनीवर आपटून परत उसळतो, त्यामुळे जमिनीलगत नेम धरताना दुप्पट सावध राहावे.

खरे काम बंदूक हाती घेण्याच्या आदल्या दिवशी होते. कबुतरांची येण्याजाण्याची वाट ठरलेली असते: झाडांची रांग, दरीचा उतार, कुंपणाचा कोपरा किंवा एखादे उंच ओकचे झाड यांच्या अनुरोधाने ती रात्री बसायच्या झाडांपासून शेतापर्यंत येतात आणि त्याच वाटेने परततात. शेताबाहेर गाडी उभी करून निदान दोन तास बसावे. कोणत्या बाजूने किती येतात, कुठल्या तुकड्यावर उतरतात, वाऱ्याची दिशा बदलल्यावर काय करतात हे वहीत टिपावे. रिकाम्या शेतात सुंदर आडोसा उभारण्यापेक्षा कबुतरे आधीच उतरत असलेल्या शेतात साधा आडोसा केलेला बरा.

दुसऱ्या दिवशी त्या वाटेखाली, कुंपणाला पाठ लावून जाळीचा आडोसा करावा आणि तिथलेच गवत व फांद्या जाळीत खोवाव्यात. वारा पाठीमागून किंवा बाजूने यावा. कबुतर नेहमी वाऱ्याला तोंड करून उतरते, म्हणून पाठीवर वारा असला की ते समोरून, आपल्याकडे येत उतरते. समोर सुमारे 20 मीटरवर दहा-बारा खोटी कबुतरे घोड्याच्या नालाच्या आकारात मांडावीत, उघडे तोंड वारा जिकडे वाहतो त्या बाजूला ठेवावे, दोन कबुतरांत दोन-तीन पावलांचे अंतर सोडावे आणि बहुतेकांची तोंडे वाऱ्याकडे करावीत. सगळी एका साच्यात उभी केली तर मांडणी कृत्रिम दिसते. नालाच्या मधली मोकळी जागा ही उतरणाऱ्याची जागा, आणि मारायचे ते तिथेच. 30 मीटरवर एक काठी रोवून ठेवावी आणि त्यापलीकडच्या पक्ष्यावर बार टाकू नये. मारलेले पक्षी मांडणीत घालायचे असतील तर पोटावर ठेवून डोक्याला काटकीचा आधार द्यावा. उताणा पडलेला पक्षी वरून येणाऱ्यांना बिचकवतो.

चेहरा झाकलेला असावा, कानांवर संरक्षण असावे. येणारे कबुतर दिसताच उठू नये. ते पंख ताठ करून उतरू लागले की मगच शांतपणे उभे राहावे. घाईने उठलेल्या माणसाला पाहून ते हवेतच वळते. उतरत्या पक्ष्यावर नेम थोडा खाली, पायांच्या रोखाने घ्यावा. आडव्या उडणाऱ्याच्या मागून नळी त्याच्या रेषेत आणून त्याला ओलांडावे आणि नळी चालू असतानाच चाप ओढावा. नळी चाप ओढताना थांबते म्हणून नवशिक्याचे बहुतेक छर्रे पक्ष्याच्या मागून जातात. माझेही सुरुवातीला असेच होत असे, आणि काठीपलीकडचे पक्षी सोडून दिल्यावरच ते सुधारले. पार्श्वभूमी प्रत्येक वेळी पाहावी: छर्रे 200 मीटरहून पुढे जाऊन पडू शकतात, आणि कुंपणापलीकडे पायवाट असेल तर ती दिशा त्या दिवसापुरती बंद समजावी.

जखमी पक्षी ही आपली जबाबदारी आहे. पडलेला पक्षी हलत असेल तर दुसरे काही करण्याआधी बंदूक रिकामी करून बाहेर जावे आणि डोक्यावर एकच जोरदार घाव घालून त्याला तत्काळ संपवावे. तो कुठे पडला त्या जागेची खूण नजरेने पक्की धरावी. उभ्या पिकात दोन पक्षी एकदम पाडण्याच्या मोहात पहिल्याची जागा हातची जाते. उन्हाळ्यात पक्षी गोणीत कोंबू नयेत, सावलीत सुटे टांगावेत. वुडपिजनचे मांस चांगले असते आणि इंग्लंडमध्ये त्याला गिऱ्हाईकही आहे. छातीचे दोन तुकडे काढणे पाच मिनिटांत शिकता येते.

रूक आणि कॅरियन क्रो हे कावळ्याच्या जातीचे पक्षीही त्याच परवान्यात येतात, पण ते कबुतरापेक्षा फार चाणाक्ष असल्याने पहिल्या वर्षी त्यांच्या मागे लागू नये. सशाचे नियम वेगळे आहेत आणि नेम जमिनीलगत असल्यामुळे धोकाही वेगळा. ती शिकार जाणत्याबरोबरच शिकावी.

संध्याकाळी आडोसा मोडल्यावर रिकामी काडतुसे एकेक करून वेचावीत, शेवटचा पक्षी शोधून आणावा, फाटक जसे होते तसे लावावे आणि किती पक्षी मारले, कुठल्या तुकड्यावर सर्वाधिक उतरत होते हे शेतकऱ्याला त्याच संध्याकाळी कळवावे, म्हणजे तोफ आणि बुजगावणी दुसऱ्या दिवशी कुठे हलवायची हे त्याला ठरवता येते.