उमेदवार देशाची प्रशासकीय सुधारणा कशी तपासावी : युरोपीय संघाचे उदाहरण

सर्बिया, अल्बानिया, माँटेनेग्रो यांसारख्या युरोपीय संघात येऊ पाहणाऱ्या देशांची प्रशासकीय सुधारणा प्रत्यक्षात उतरली आहे की नुसती राजपत्रात छापली गेली आहे, हे लोकप्रशासनाच्या अभ्यासकाला घरबसल्या बऱ्याच अंशी तपासता येते. त्यासाठी लागणारी कागदपत्रे खुली आहेत. ती कशासाठी वाचायची, एवढे मात्र आधी ठरवावे लागते.

आरंभी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. १९९३च्या कोपनहेगन निकषांनी प्रवेशाच्या अटी घातल्या आणि १९९५च्या माद्रिद परिषदेने त्या पाळू शकेल अशी प्रशासकीय यंत्रणा हवी, हे स्पष्ट केले. तरीही सरकारी भरती कशी करावी किंवा वरिष्ठ अधिकारी कसा नेमावा, हे सांगणारा संघाचा बंधनकारक कायदा नाही. अन्नसुरक्षेचा नियम जसाच्या तसा उतरवून घेता येतो, प्रशासनाचा असा तयार साचा मिळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी संघ आणि ओईसीडी (आर्थिक सहकार्य व विकास संघटना) यांच्या ‘सिग्मा’ या संयुक्त उपक्रमाने २०१४मध्ये लोकप्रशासनाची तत्त्वे मांडली आणि २०२३मध्ये ती नव्याने लिहिली. मोजमापासाठी हीच तत्त्वे हाताशी ठेवावीत.

त्यानंतर युरोपीय आयोगाचा, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेचा, त्या देशावरील वार्षिक अहवाल घ्यावा. त्यात प्रत्येक विषयाला दोन शेरे असतात : देशाची तयारी एकंदर किती झाली आहे, हा एक आणि सरत्या वर्षात प्रगती किती झाली, हा दुसरा. नवखा वाचक या दोहोंची गल्लत करतो. ‘मध्यम तयारी’ हा शेरा वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो, आणि त्याच काळात ‘प्रगती नाही’ असेही लिहिलेले असते. म्हणून एकच अहवाल वाचून थांबू नये. सलग पाच वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून फक्त शिफारशी वाचाव्यात. तीच शिफारस जवळपास त्याच शब्दांत परत येत असेल, तर दुखणे तिथेच आहे असे समजावे.

सर्बियाच्या अहवालांत असे परत परत येणारे दुखणे आहे ते प्रभारी अधिकाऱ्यांचे. कायद्याने वरिष्ठ पदे स्पर्धेतून भरायची आहेत. प्रभारी नेमणूक मुळात सहा महिन्यांची आणि स्पर्धा यशस्वी न झाल्यास आणखी तीन महिन्यांची, अशी मर्यादाही कायद्यानेच घातली आहे. प्रत्यक्षात कितीतरी वरिष्ठ पदांवर प्रभारीच बसलेले असतात; त्यांच्या नावाआधी ‘वे-दे’ ही दोन अक्षरे लागतात, त्यांचा अर्थ कार्यभार सांभाळणारा. ‘अतिरिक्त कार्यभार’ हा शब्द रोज ऐकणाऱ्या मराठी वाचकाला यातली मेख वेगळी सांगायला नको. ज्याची खुर्ची मंत्र्याच्या एका सहीवर अवलंबून आहे, तो अधिकारी मंत्र्याला नियम दाखवायला कचरतो. माझ्या मते कोणत्याही देशाची तपासणी इथूनच सुरू करावी : वरिष्ठ पदे किती, त्यांपैकी प्रभारी किती आणि किती काळ.

मग नागरिकाच्या बाजूने पाहावे. सर्बियाने २०१६मध्ये सर्वसाधारण प्रशासकीय कार्यपद्धतीचा नवा कायदा केला. सरकारी नोंदींत असलेली माहिती अधिकाऱ्याने स्वतः मिळवावी, नागरिकाला दाखल्यांसाठी हेलपाटे घालायला लावू नयेत, असे तो सांगतो. अशा तरतुदीसाठी नोंदवह्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत का, हे विचारावे. त्या नसतील तर माणूस झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन खिडकीपुढे उभाच राहतो. अल्बानियाने मे २०२२पासून बहुतेक सेवांच्या खिडक्या बंद करून सारा कारभार ‘ई-अल्बानिया’ या संकेतस्थळावर नेला आणि जुलैतच सायबर हल्ल्यामुळे सरकारी संकेतस्थळे ठप्प झाली. सेवा ऑनलाइन आहे एवढ्यावर गुण देऊ नयेत. ती बंद पडली तर पर्याय काय, आणि ज्या वृद्धाला संगणक येत नाही त्याचे काम कोण करून देतो, हेही नोंदवावे.

सर्वांत उद्‌बोधक तपासणी मात्र सदस्यत्व मिळालेल्या देशांची आहे. चेक प्रजासत्ताकाने प्रवेशाच्या तोंडावर, २००२मध्ये, नागरी सेवा कायदा मंजूर केला. २००४मध्ये प्रवेश झाला, पण कायद्याच्या अंमलबजावणीची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली आणि अखेर त्याच्या जागी आणलेला नवा कायदा २०१५मध्ये लागू झाला. स्लोव्हाकियाने २००२मध्ये उभारलेले नागरी सेवा कार्यालय २००६मध्ये बंद केले. प्रवेश मिळाला की आयोगाच्या हातातला दबाव सुटतो, आणि बंधनकारक कायदा नसल्यामुळे जाब विचारायलाही फारसा आधार उरत नाही.

म्हणून आजच्या उमेदवार देशाच्या कायद्याची नोंद करताना तो मंजूर झाल्याची तारीख आणि अमलात आल्याची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत लिहावी. तिसऱ्या रकान्यात, त्या कायद्यानुसार पहिली नेमणूक कधी झाली ते लिहावे.