प्रोसेसर-मदरबोर्ड नवा, रॅम जुनीच

पीसी अपग्रेड करताना दुकानदार प्रोसेसर आणि बोर्डासोबत नवी रॅमही गळ्यात मारतो. जुनी रॅम डीडीआर४ (डीडीआर५च्या आधीची पिढी) असेल, तर तो खर्च बहुतेकदा वाचतो.

१. रॅमवरचं स्टिकर वाचा. ‘पीसी४-२५६००’ म्हणजे डीडीआर४, ३२०० स्पीड. ‘पीसी३’ दिसलं, तर ती त्याहून जुनी डीडीआर३; नाद सोडा.

२. इंटेलच्या १२, १३ आणि १४व्या पिढीला डीडीआर४ चालते, पण बोर्डही डीडीआर४चाच हवा. बी७६० हा इंटेलसाठीचा बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतो. डीडीआर४वाल्याच्या नावात बऱ्याचदा ‘डी४’ असतं. खोक्यावर बघूनच पैसे द्या. एएमडीत रायझन ५००० प्रोसेसर आणि एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्ड घ्या. एएम५ला फक्त डीडीआर५ लागते.

३. बोर्डाला चार स्लॉट असतील, तर रॅमच्या दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. मी शेजारीशेजारी लावल्या होत्या, ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरून मिळणारा जादा वेग) चालतच नव्हतं!

४. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२००ची रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २६६६वरच रेंगाळते. पीसी अडखळला तर स्पीड एक पायरी उतरवा.

पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका. डीडीआर४ आणि डीडीआर५ची खाच वेगळ्या जागी असते; दाबलीत तर स्लॉट जाईल.